दस्ती नांदेडला जाऊन आली

लुंबिनीला जाग आली तेव्हा तिचं पहिलं मत असं झालं, की नांदेड अगदी आपल्या लातूरसारखंच आहे.

तसाच चौक. तशाच उलट्या बाजूने घुसणाऱ्या ऑटो. हवेत तसाच डाळ मिलचा कोरडा, पिवळसर वास. चौकात भला मोठा फ्लेक्स आणि त्यावर काहीतरी हरवल्यासारखे बघणारे गुणवंत विद्यार्थी. 'इकडंही हेच,' असं म्हणून ती परत डोळे मिटणार, तेवढ्यात फ्लेक्सवरचा 'नेत्रदिपक' तिला दिसला. दि ऱ्हस्व. ही चूक तिनेच परवा सरांना दाखवली होती आणि सर म्हणाले होते, "ऱ्हाऊ द्या मॅडम, लोक फोटो बघतात."

फ्लेक्स तिच्याच क्लासचा होता. गाडी लातुरात होती. आणि लुंबिनी पहाटे उठून, लातूरहून, नांदेड बघायला निघाली होती.

हे कसं झालं ते सांगायला हवं. लुंबिनी एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्राचे चुकीचे पर्याय तयार करायची. प्रश्नाला चार पर्याय असतात. बरोबरचा एक, तो सर सांगतात. उरलेले तीन चुकीचे तर पाहिजेत, पण हुशार पोरालाही मोह पडला पाहिजे. हे काम लुंबिनीइतकं सुंदर दुसऱ्या कुणाला जमत नसे. दर रविवारी परीक्षा, त्यामुळे तिला रविवार असा नव्हताच. या रविवारी मात्र सरांच्या मुलीचं लग्न निघालं, आणि मंगल कार्यालयात परीक्षा घ्यायची सोय नसल्याने क्लासला सुट्टी मिळाली. तिने 'एक दिवस नांदेड दर्शन' सहलीत नाव घातलं. बरोबर येणाऱ्या मैत्रिणीची दाढ ऐनवेळी सुजली, म्हणून एकटीच निघाली.

अहमदपूरला एका हॉटेलावर गाडी चहाला थांबली. उतरताना लुंबिनीने रीतीप्रमाणे खिडकीजवळच्या आपल्या सीटवर दस्ती टाकली. आपल्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात, आणि सीटवर पडलेल्या दस्तीला सातबाऱ्याचा मान असतो. ती पडली की जागा तुमच्या नावावर लागली. चहा पिऊन, डोळ्यांतली झोप तशीच घेऊन, ती समोरच्या पांढऱ्या गाडीत चढली. अशीच दुसरी पांढरी गाडी शेजारी उभी होती, नांदेडहून लातूर बघायला निघालेली. लुंबिनी त्या दुसरीत चढली होती. सीटवर दस्ती दिसेना. कुणीतरी चोरली असणार. माणसाच्या जातीबद्दल थोडं वाईट वाटून घेऊन तिने ओढणी तोंडावर ओढली आणि झोपून गेली.

आता गाडीच्या पुढच्या भागात एक उंच, सावळा तरुण माईक घेऊन उभा होता. कागदाकडे चोरून बघत म्हणाला, "ऐतिहासिक लातूर नगरीत आपलं सहर्ष स्वागत…"

"अहो," लुंबिनी उभी राहिली, "ही गाडी नांदेडला चालली होती ना?"

"नांदेडहून आली, मॅडम."

"मग मी?"

त्याने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या सीटकडे. चेहऱ्याचा रंग उतरला. "तिथं तर… माणिकप्पा होते."

"कोण माणिकप्पा?"

"मी अहमदपूरला माणसं मोजली होती की. बरोबर भरली होती."

"भरणारच," लुंबिनीच्या मागच्या सीटवरच्या सरजाबाई म्हणाल्या. अंगणवाडीत सगळा जन्म काढून निवृत्त झालेल्या या बाईंना माणसं सांभाळायची सवय होती. "एक गेलं, एक आलं. निस्तं मोजून काय होतंय बाबा, तोंडं बघावी लागतात."

त्या तरुणाचं नाव अश्वजित. नांदेडच्या ज्येष्ठ नागरिक संघाला घेऊन त्याने काढलेली ही पहिलीच सहल. नीट झाली तर वर्षभराच्या सहली त्याला मिळायच्या. बिघडली तर वडिलांनी धर्माबादला मिरचीच्या आडतीवर त्याच्यासाठी खुर्ची बघून ठेवली होती, आणि मिरचीने त्याला शिंका येत. नीट झाली की बिघडली, हे ठरवणार होते संघाचे अध्यक्ष. आणि अध्यक्ष म्हणजे माणिकप्पा.

लुंबिनीकडे लातूरच्या सहलीवाल्याचा, भागवतचा नंबर होता. तिने लावून दिला.

"आमची माणसं बरोबर हायत," भागवत म्हणाला.

"आमची बी बरोबर हायत," अश्वजित म्हणाला. "तोच घोळ हाय."

तिकडे शोध झाला. खिडकीजवळच्या सीटवर दस्ती होती आणि दस्तीच्या शेजारी एक अनोळखी आजोबा. फोन त्यांच्या कानाला लावण्यात आला.

"माणिकप्पा, लई चूक झाली. मी आत्ता—"

"आता मी चालत्या गाडीतून उडी टाकू का? संध्याकाळी बघतो तुझ्याकडं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी दोन्ही गाड्या त्याच हॉटेलावर थांबवायच्या आणि ज्याचा माणूस त्याला द्यायचा, असं ठरलं.

"तुमचं काय करू?" अश्वजितने विचारलं. मिरची त्याला आतापासूनच लागत असावी.

"अ, इथंच उतरून ऑटोने घरी जाणं. माझं घर इथून जवळच हाय. ब, क्लासवर जाऊन पुढच्या रविवारच्या पेपरचे पर्याय बनवणं. क, आपल्याच गावात पाहुणी म्हणून फिरणं."

"यातला बरोबर कुठला?"

"बरोबरचे मी बनवत न्हाई."

त्याला हसू आलं, आणि ते त्याच्या चेहऱ्याला शोभलं. तिने हे जरा जास्तच वेळ बघितलं. म्हणून मग पटकन म्हणाली, "मी लुंबिनी. लुंबिनी सोनकांबळे."

"जय भीम," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला, घरातला झाला. "मी अश्वजित."

"जय भीम. चला, तुमची ऐतिहासिक नगरी दाखवा."

गंजगोलाईत त्याने कागद उघडला. "या ठिकाणी तब्बल वीस रस्ते—"

"सोळा," मागून लुंबिनीचा आवाज.

"मोबाइलवर वीस होते."

"मोबाइल इथं बांगड्या घ्यायला येत न्हाई."

म्हातारी मंडळी हसली. अश्वजितने निमूटपणे माईक तिच्या हातात दिला. लुंबिनी क्षणभर गोंधळली. चुकीचे पर्याय सोडून तिने आजवर जाहीर असं काही सांगितलं नव्हतं. मग गोलाईच्या मधल्या देवळाकडे हात करून ती सांगू लागली, "लहानपणी मी इथं हरवले होते. आईनं आधीच सांगून ठेवलं होतं, हात सुटला तर पळत सुटायचं न्हाई. मधोमध जाऊन त्या पायरीवर बसायचं. सगळे रस्ते तिथंच येतात, कुठल्या ना कुठल्या रस्त्यानं मी येतेच."

"आली का आई?" सरजाबाईंनी विचारलं.

"आली. आधी दोन धपाटे दिले, मग जिलबी."

अश्वजित तिच्याकडे बघत होता. कागद त्याने घडी करून खिशात टाकला. तो त्या दिवशी पुन्हा बाहेर आला नाही.

दुपारी खरोशाची लेणी. इथे मात्र लुंबिनी गप्प होती.

"आता कामून बोलना गेलात?" त्याने विचारलं.

"मी बघितलेलीच न्हाईत. शाळेची सहल आली तेव्हा मला गोवर आला होता. नंतर वाटलं… गावाजवळच तर हायत, जाऊ कधीतरी."

"मी दोनदा येऊन गेलो, मोटारसायकलवर. सहलीच्या तयारीला." तो जरा थांबला. "पहिल्यांदा तयारीला. दुसऱ्यांदा उगंच."

टेकडीवर वारं होतं. हिवाळ्याचं ऊन असूनही चढताना घाम आला. लुंबिनीने सवयीने पर्समध्ये हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. अश्वजितने आपली दस्ती पुढे केली. चार घड्यांची, कडक इस्त्रीची.

"आईनं दिलीय," तो म्हणाला, "पाहुण्यांपुढं बरी दिसावी म्हणून. मी वापरलेली न्हाई अजून."

"मग मी वापरून खराब करणार."

"करा की."

तिने कपाळ टिपलं. दस्ती परत द्यायला हवी होती. दिली नाही. त्यानेही मागितली नाही.

बुद्धाच्या लेण्यात दोघं थोडी मागे राहिली. दगडात थंडावा होता. बाहेरून सरजाबाईंचा, कुणाला तरी पायरी जपून उतर म्हणणारा आवाज आला आणि विरला. दोघांनी हात जोडले.

"इथलं भाषण न्हाई लिहिलं?" तिने हळूच विचारलं.

"लिहिलं होतं. इथं आल्यावर… म्हणावंसं वाटंना."

दोघं तिथंच खाली बसली. आणि लुंबिनीला नवल वाटलं ते याचं, की ती पुढचं वाक्य शोधत नव्हती.

परतताना गाडी पुन्हा लातुरात शिरली तेव्हा उन्हं कलली होती. सकाळच्याच फ्लेक्सच्या चौकात ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. गुणवंत अजून तसेच बघत होते.

"तुमचं घर," अश्वजित म्हणाला. "जवळच म्हणाला होतात ना."

"हाव. त्या मेडिकलच्या मागं."

लुंबिनी जागची हलली नाही.

"माझी दस्ती राहिली त्या गाडीत," ती म्हणाली.

"ती काय, भागवतराव आणून देतील. त्यांची गाडी रात्री लातुरातच येणार हाय की. तुम्ही उगं अहमदपूरपर्यंत जाणार, तिथून परत येणार… दोन-तीन तास जातील."

तो अगदी मनापासून तिची सोय बघत होता. असल्या माणसाला वर्षभराच्या सहली द्याव्यात की नाही, अशी शंका कुणालाही आली असती. लुंबिनीने खिडकीबाहेर बघितलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

"चांगली दस्ती हाय," ती म्हणाली. "मला दुसऱ्यावर भरवसा न्हाई."

अश्वजित तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या डोक्यात उजाडू लागलं. ते त्याच्या चेहऱ्यावर सगळ्या गाडीने बघितलं.

"ए बाबा," सरजाबाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी चालू कर. ह्याला आणखी येळ लागंल."

अहमदपूरच्या हॉटेलावर लातूरची गाडी आधीच येऊन थांबली होती. बाहेर बाकड्यावर माणिकप्पा बसले होते. धोतर, काळी टोपी, हातात लुंबिनीची दस्ती. अश्वजित त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहिला.

"वाटेत लोहा आलं तेव्हाच कळलं होतं मला," माणिकप्पा म्हणाले. "पण शेजारच्या बाईंनी डबा उघडला होता. मधीच उठणं बरं दिसंना."

"माझी चूक हाय, माणिकप्पा."

"हायच. सगळा जन्म नांदेडात गेला आणि नंदगिरीचा किल्ला आज बघितला मी. घराजवळ हाय म्हणून राहिला होता." त्यांनी दस्ती झटकली. "माझी सहल चांगली झाली. पण ती भागवतची. तुझी कशी झाली मला काय ठाऊक, मी नव्हतोच. सरजाबाई, तुम्ही सांगा."

सरजाबाईंनी आधी चहाचा कप खाली ठेवला.

"सहलीला गेलेलं माणूस दुपारनंतर एकच विचारतंय, घरी कधी पोचायचं. ह्या पोरीचं घर दारात आलं, गाडी थांबली, तरी ही उतरली न्हाई. आता आणखी काय सांगू?"

माणिकप्पांनी लुंबिनीकडे बघितलं. मग अश्वजितकडे. मग चष्मा काढून, लुंबिनीच्याच दस्तीने पुसून, पुन्हा दोघांकडे बघितलं.

"मग वर्षभराच्या सहली ह्यालाच द्या," ते म्हणाले आणि दस्ती तिला देऊन गाडीत जाऊन बसले.

दोन्ही ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. दोन पांढऱ्या गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दोघं उभी राहिली.

"लातूर तिकडं," अश्वजित म्हणाला, "नांदेड इकडं. अहमदपूर बरोबर… मधोमध हाय."

"ठाऊक हाय. म्हणून तर येऊन बसले."

त्याने हॉर्नकडे दुर्लक्ष केलं. "पुढच्या रविवारी माहूरला नेऊन राहिलो मी ह्यांना. पण तुमची परीक्षा असंल…"

"असतीच."

"सरांना आणखी मुली न्हाईत का?"

"एकच होती." ती हसली. "पण मी आजवर रजाच मागितली न्हाई. मागून बघते. लातूरहून पहाटेच्या एसटीनं नांदेडला येईन. नांदेड बघायचं राहिलंय माझं."

भागवतने हाक मारली. या वेळी तो माणसं मोजत नव्हता, नावं घेत होता. लुंबिनीने आपली दस्ती अश्वजितच्या हातात ठेवली.

"ही खिडकीजवळच्या सीटवर टाकून ठेवा. आधीच. कुणी बसलं तर उठवा."

"हाव. आणि… माझी?"

त्याची इस्त्रीची दस्ती तिच्या मुठीत होती. इस्त्री कधीच मोडली होती.

"ती शेजारच्या सीटवर टाकावी लागंल," लुंबिनी म्हणाली. "मी घेऊन येते."