रूथच्या भिंतीवरची सुंदरी

वीणाचं काम साधं होतं. ॲन आर्बरमधल्या घराच्या तळघरात ती लोकांची चित्रं फ्रेम करून द्यायची. २००५ च्या जानेवारीत शेजारच्या रूथनं, ऐंशीच्या एकट्या म्हातारीनं, आपलं एकुलतं एक मोलाचं चित्र तिच्या हाती सोपवलं. लाकडी ठशांनी छापलेली जपानी सुंदरी. पांढरा चेहरा, निळा किमोनो, मान किंचित वळलेली. पॅरिसचे चित्रकार असल्या जपानी चित्रांपायी वेडे झाले होते त्या काळात रूथच्या आजोबांनी ती तिथून आणली होती.

"काच तडकलीय," रूथ म्हणाली. "पण तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही."

त्याच आठवड्यात शनिवारी वीणाकडे हळदीकुंकू होतं. दुपारी तिची मैत्रीण रेणू तळघर बघायला उतरली आणि टेबलावरची उघडी सुंदरी पाहून हसली. "अगं, एवढी सजलीय यार, आणि कपाळ मोकळं?"

वीणाच्या बोटाला कुंकू होतंच. घरी आलेल्या बाईला तसंच पाठवायचं नाही, हे हाताचं वळण. तिनं थट्टेथट्टेत बोट टेकवलं. उचललं तेव्हा सुंदरीच्या कपाळावर लाल ठिपका उमटला होता.

सगळ्या गेल्यावर तिनं ओल्या कापसानं पुसायला घेतलं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. लाली पसरली, कागदाची लव उठली, डाव्या भुवईची रेघ कापसाबरोबर निघून आली. मग तिनं बारीक कुंचल्यानं कपाळ रंगवलं, भुवई काढली, काच बसवली. रूथची नजर अधू आहे, कळणार नाही, असं स्वतःला सांगत चित्र परत दिलं. रूथनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. वीणाला स्वतःची लाज वाटली.

चोराच्या मनात चांदणं. आठवडाभर ती रूथला टाळत राहिली. दिवेलागणीला तळघरात रेशीम सरकल्यासारखं वाजायचं, ओल्या कागदाचा वास यायचा. खाली जावं तर कुणी नसायचं. शेवटी तिला राहवेना. सगळं कबूल करायचं ठरवून ती बर्फ तुडवत रूथकडे गेली.

दार उघडंच होतं. रूथ खुर्चीत बसली होती. कपाळ पांढरंफटक, कातडीवर कागदासारखी लव उठलेली. डावी भुवई नव्हती.

"रूथ... हे काय झालं?"

"दुखत नाही, डिअर." रूथ हळू आवाजात म्हणाली. "ती येते. दिवे लागायच्या सुमारास. ओला हात फिरवते... विचारते, मला कुणी पुसलं?"

"मग तुम्ही..."

"मी म्हटलं, मीच." रूथ हसली. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. जन्मभर पाहतेय मी तो चेहरा. तुझ्या घरी लेकरं आहेत. तुझं नाव कशाला सांगू?"

शब्द वीणाच्या ओठांपर्यंत आले. मी सांगते तिला, एवढंच म्हणायचं होतं. बाहेरचा उजेड उतरत चालला होता.

"जा आता," रूथ म्हणाली. "आज डोळे पुसणार आहे, म्हणाली."

वीणा गेली. हो, गेली. धावत घरी आली आणि दाराची दोन्ही कुलुपं लावली. मग खिडकीशी उभी राहिली. पलीकडच्या घराच्या खिडकीत, दिव्याखाली, रूथ डोळे मिटून, मान वर करून शांत बसली होती. मागच्या भिंतीवर फ्रेम होती, काच होती आणि आत कोरा कागद होता.