आठपर्यंत मोजायचं असतं

माझी गाडी बंद पडली नसती तर पाटणकरांच्या दारावर मी कधीच टकटक केली नसती. पाटी इंग्रजीत असली तरी माणूस आपल्याकडचा, आणि आपल्याकडचा माणूस बॅटरीला जोडायची जम्पर केबल काढायच्या आधी आडनाव विचारतो. पण बाहेर बर्फाळ पाऊस होता, चार वाजता माझी लॅबमध्ये शिफ्ट होती, आणि वेस्ट विंडसरच्या त्या पार्किंगमध्ये दुसरं कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. पंच्याऐंशीचा फेब्रुवारी होता तो.

दार उघडलं ते खांद्यावर किचन टॉवेल टाकलेल्या एका उंच मुलानं. "एक मिनिट थांबता का... राउंड संपू दे," तो चक्क मराठीत म्हणाला. मी मराठी हे त्याला कसं कळलं, ते त्यानं नंतर सांगितलं – दार वाजवताना बोटं गारठून मी "अय माय" म्हणाले होते.

आत टीव्हीवर बॉक्सिंग चालू होतं. सोफ्यावर काळा चष्मा लावलेले एक काका कान पुढे करून बसलेले. शंकरराव पाटणकर. साखरेनं त्यांचे दोन्ही डोळे नेले होते. दार उघडणारा त्यांचा पुतण्या, हेमचंद्र.

"हेम्या, ठोसा कुणी मारला?" काका विचारत होते. टीव्हीवरचा सूटवाला समालोचक लाल चड्डीवाल्याच्या आईची कथा सांगत होता. ती चर्चमध्ये किती छान गाते वगैरे. "हा मेला अजून चर्चमधून बाहेर आला नाही. ठोसा कुणाचा?"

"मारला कुणीतरी, काका. आता दोघं चिकटलेत."

"डिंक लावलाय का?"

मला राहवेना. "निळ्यानं मारला," मी दारातूनच म्हणाले. "डाव्या हाताचा, बरगडीखाली. लाल्याचा कोपर खाली आलाय, तोंड उघडं पडलंय... आता बसणार... बसला. चीत. पाठ टेकली, संपली कुस्ती."

"नाही हो, संपली नाही," हेमचंद्र हळूच म्हणाला. "इथं पाठ टेकली तरी उठता येतं. दहा आकडे मोजेपर्यंत."

लाल्या चारलाच उठला. तरी पंच बोटं नाचवत मोजतच होता.

"उठला ना तो? मग हा कशाला मोजतोय?" मी विचारलं.

"आठपर्यंत मोजायचंच असतं. उठला तरी. मग डोळ्यांत बघतात, शुद्धीवर आहे का."

हे सांगताना तो माझ्याच डोळ्यांत बघत होता. मी नजर वळवली नाही. माझी तशी सवय नाही.

"तू कोण गं?" काकांनी विचारलं.

"सुलेखा गजभिये. नागपूरची. गाडी बंद पडलीय." आडनाव मी आधीच फेकते. समोरचा ते हुडकत बसला की मला वीट येतो.

काका म्हणाले, "पुढच्या शनिवारी गाडी चालू असली तरी ये."

माझे बाबा, रामभाऊ गजभिये, गिरणीत साचे चालवायचे आणि रविवारी आखाड्यावर भोंग्यातून कुस्त्या सांगायचे. मी त्यांच्या मांडीला टेकून ऐकत वाढले. त्यांची शाळा अशी – "लोकायले दिसून राह्यलं ते नको सांगू, सुटलं ते सांग. अन् दोघायचं बी नाव घेत जा पोरी. हारनाराची माय बी आयकत असते."

टीव्हीवरच्या एकाही सूटवाल्याला हे कुणी शिकवलेलं दिसत नव्हतं. आधी ठरवून यायचे, आज कोण जिंकणार. मग त्याचाच ठोसा दिसायचा, दुसऱ्याचे पाच बसले तरी यांची जीभ पहिल्याच्याच कौतुकात. ठोसे पडत असताना गोष्टी सांगायच्या, आणि घंटा वाजली की ओरडायचं. याला कॉमेंट्री म्हणतात, आणि अख्खा देश ती ऐकून घेतो.

म्हणून दर शनिवारी दुपारी आम्ही टीव्हीचा आवाज बंद करायचो आणि मी सांगायचे. काका "वा" म्हणत मांडीवर थाप मारायचे. हेमचंद्र कागदावर गुण लिहायचा, आणि चहा करायचा. कप ठेवताना कान माझ्या डाव्या हाताकडे वळवून ठेवायचा. पडद्यावरून नजर न काढता मला तो उचलता यायचा.

कपाचा कान... एवढ्यावर मी गेले. बरी शहाणी होते तोवर.

"तुम्ही असं मन लावून बोलता की... मला बॉक्सर व्हावंसं वाटतं," तो एकदा म्हणाला.

"मार खायला?"

"तुम्ही माझं नाव घ्याल ना."

"दोघांचंही घेते मी. आणि मला तू म्हणा, हेमचंद्र. मी काही काकू नाही."

"मग तूही मला तू म्हण." एवढं बोलून तो लाल झाला, आणि पाचव्या राउंडचे गुण सहाव्यात लिहून बसला.

एप्रिलात नीला आली.

प्रिन्स्टनला एम. ए. करणारी, कॉलेजच्या रेडिओवर इंग्रजी गाणी लावणारी. हेमचंद्रच्या आईनं पुण्याहून पत्र पाठवून "ओळख करून घे" म्हटलेली. ओळख म्हणजे काय हे पत्रात लिहावं लागत नाही. आवाज असा की ती "साखर किती?" विचारायची आणि ऐकणाऱ्याच्या तोंडात साखर पडायची. मला तो आवाज पहिल्या मिनिटापासून आवडला नाही. खोटं कशाला बोलू, आवडला, म्हणून तर डोक्यात गेला.

"किती रॉ आहे ना तुमची भाषा," ती मला म्हणाली. "आय लव्ह इट."

"कच्ची नको, शिजवलेली हवी असेल तर टीव्हीचा आवाज चालू कर," मी म्हणाले.

ती हसली. हसताना हेमचंद्रच्या बाहीला हात लावला. तिला बॉक्सिंगमधलं शून्य कळत होतं, तरी ती दर शनिवारी यायची आणि त्याच्या शेजारीच बसायची. चहाही आता तीच आणायची, कपाचा कान कुठंही वळलेला. तिसऱ्या शनिवारी मी तो आंधळेपणानं उचलला आणि बोट भाजलं.

त्याच शनिवारी आठ राउंडची लढत होती. मी सांगत होते, "पिवळा पुढं येतोय... काळा दोरीला टेकलाय..." आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. नीलानं त्याच्या कानाशी काहीतरी म्हटलं. त्यानं मान हलवली. ती आणखी जवळ सरकली. तिचे केस त्याच्या खांद्यावर... माझं तोंड चालू होतं, डोळे तिथं. तो मागं सरकला की जागीच बसून राहिला, तेही मी बघितलं नाही. मला फक्त ती दिसत होती.

एकदम काका ताठ झाले. "पोरी, खिडकीतून त्या खालच्या घराचा टीव्ही ओरडतोय. कोण पडलं?"

मी पडद्याकडं बघितलं. पंच मोजत होता, आणि त्याची पाठ आमच्याकडं. कोण पडलं ते मला माहीत नव्हतं.

"सुलेखा?"

"मला... दिसलं नाही, काका."

"तुला दिसलं नाही?" त्यांनी चष्मा काढला, जणू त्यानं फरक पडणार होता. "दोन राउंड झाले, तू एकाचंच सांगतेयस. माझ्या लक्षात येतं हो. त्या सूटवाल्यांसारखं चाललंय तुझं."

यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं होतं. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले.

पाऊस रिमझिमत होता. गाडीपाशी पोचले तोवर मागून पावलं वाजली. हेमचंद्र, खांद्यावर तोच टॉवेल.

"सुलेखा, थांब."

"आत जा. चहा गार होईल तुझा. साखर आहेच त्यात."

"तू नीलावर चिडली आहेस."

"जळतेय. बरोबर शब्द वापर. ती येते, बसते, तुझी बाही धरते, आणि तू गुण लिहितोस. किती दिलेस तिला?"

"मी गेल्या रविवारी आईला पत्र लिहिलं. नीलाला नाही म्हणून. आज आत तेच सांगत होतो तिला. तू... तू बघत होतीस ना?"

मी बघत होते. तिला. त्याच्याकडं एकदाही नाही.

"आणि कारण काय लिहिलंस?"

"दुसरं कुणी आहे म्हणून."

"दुसरं कुणी. नाव नाही तिला? माझं आडनाव लिहिलंस का, हेमचंद्र? ते वाचून तुझ्या घरी कोण कोण जेवणार नाही, ते ठाऊक आहे ना?"

"गजभिये लिहिलं. तुझ्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, तेही लिहिलं. आई चिडेल. चिडू दे... मी सांभाळेन."

"आईला सगळं लिहिलंस. मला?"

पाऊस त्याच्या भुवईवरून ओघळत होता. मीच बोट वर केलं.

"एक."

"काय करतेयस?"

"दोन."

"सुलेखा, मला तू हवीस. शनिवारची नको, रोजची हवीस. लग्न कर माझ्याशी."

"तीन."

"अगं, बोललो ना मी..."

"चार. पाच." मी मोजत राहिले. "सहा. सात." तो हसायला लागला, मग हसू थांबलं, आणि तो हात खाली सोडून सरळ उभा राहिला.

"आठ," मी म्हणाले, आणि पंच बघतो तसं त्याच्या डोळ्यांत बघितलं. तो पूर्ण शुद्धीवर होता. मग मी त्याच्या खांद्यावरच्या ओल्या टॉवेलमध्ये तोंड खुपसलं.

खिडकी उघडी होती. आतून काकांचा आवाज आला, "अरे, बाहेर काय चाललंय कुणी सांगेल का? कोण पडलं?"

खिडकीत नीला उभी होती. डोळे ओले होते तिचे, पण आवाज रेडिओवरचाच, स्वच्छ.

"दोघंही, काका."

दोन शब्द. चर्च नाही, गोष्ट नाही, दोघांचंही सांगितलं. बाबांनी पाठ थोपटली असती तिची. एवढ्या सुखातसुद्धा मला ते सहन झालं नाही.