डमरूसारखा बांधलेला दोर

तिसरा फटका हेल्मेटचा होता. तो धर्मामामाच्या उजव्या मनगटावर बसला आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

राही दहा पावलांवर होती. आवाज ऐकून ती मध्येच घुसली, मारणाऱ्यांतल्या एकाच्या दंडात दात रोवले आणि तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडले नाहीत. त्याने तिला झटकलं तशी ती दगडांवर आपटली, कोपर सोलवटलं. मामेभाऊ साहिल, वय वर्षं अकरा आणि अंगापिंडाने बगळा, त्यानेही दुसऱ्याच्या पाठीवर उडी घेतली होती. त्याला अशी कानशिलात बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेजारची आरोही तेवढी डोक्याने चालली. ती बोंबलत घरी पळाली आणि केसरआजीला घेऊन आली.

केसरआजी म्हणजे धर्मामामाची आई. नारळ सोलता सोलता उठलेली, त्यामुळे कोयता हातातच होता. तिने तो उगारला नाही, नुसता धरला. पण तोंड असं सोडलं की ते दोन्ही दांडगे मागे सरले.

झालं होतं ते असं. किहीमच्या मागच्या अंगाला घोड्याचा कडा आहे. तिथे बाबाजी ठाकुराने साहस शिबिर काढलेलं. दोराला लटकून कडा उतरायचा, फोटो काढायचे, घरी जाऊन मिरवायचं. बाबाजीला कड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पाटी मात्र दोन माणसं झोपतील एवढी. खरं काम धर्मामामाचं. कड्यात अडकलेली माणसं, विहिरीत पडलेल्या म्हशी, बावीस वर्षं तो दोरानेच वर काढत आला होता.

आदल्या दिवशी दुपारी त्याने शिबिराचे दोन्ही दोर तपासले, गुंडाळून खोपीत टांगले आणि अलिबागला बहिणीकडे गेला. आदल्या संध्याकाळीच किहीमला मुक्कामी आलेले ठाण्याचे तीन भाऊ सकाळी कडा उतरायला आले. बाबाजीला धीर कुठला? मामाची वाट न बघता त्याने त्यांतल्या धाकट्याला दोराला बांधून खाली सोडलं. अर्ध्या वाटेत दोर तुटला. पोरगा दोन पुरुष उंचीवरून खडकावर पडला, मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. अँब्युलन्स त्याला घेऊन वळते न वळते तोच धर्मामामा एसटीतून उतरून आला. बाबाजीने बोट दाखवलं, दोर याच्या ताब्यात असतात म्हणाला. उरलेल्या दोघा भावांना तेवढंच पुरलं.

आता मामा शिबिराच्या अंगणात बाजेवर पडला होता. कपाळ फुटलेलं, मनगट वांग्यासारखं सुजलेलं. हवालदार आले. बाबाजी त्यांच्या कानाशी लागून कागद लिहवून घेत होता, की दोर तपासायची कसूर धर्माची. त्या कागदावर अंगठा उठला की मामा कोठडीत जाणार, आणि सुटून आला तरी त्याच्या हाती पुन्हा कुणी दोर देणार नव्हतं. दोराशिवाय मामाला येत काय होतं?

राहीने त्याच्या ओठांना पाणी लावलं तेव्हा तो पुटपुटला, "दुसरा दोर बघ. माझ्या हातचा हाय का बघ."

राहीला ते बरोबर समजलं. दिवाळीच्या सुट्टीला उरणहून आल्यापासून चार दिवस मामा तिला दोर गुंडाळायलाच शिकवत होता. ती कंटाळली होती, कड्यावर कधी नेणार म्हणून भुणभुण लावली होती. मामा म्हणायचा, आधी गुंडाळ. दोर मानेवर घ्यायचा. एक वेढा उजव्या खांद्यावरून सोडायचा, पुढचा डाव्या, पुन्हा उजव्या. फुलपाखराच्या पंखांसारखे दोन्ही बाजूंना वेढे लोंबले पाहिजेत. असा दोर पीळ खात नाही, फेकला की सरळ सुटतो. शिवाय हात हात दोर बोटांतून सरकतो. कुठे वरची खोळ फाटली, कुठे आतला गाभा मऊ पडला, बोटांना आपोआप लागतं. मामाचं गुंडाळणं हेच मामाचं तपासणं.

तिघं खोपीत शिरली. खुंटीला दुसरा दोर होता. केशरी, पण फुलपाखरासारखा नव्हे. आखूड आखूड वेढे घातलेले, कमरेला तीन आवळ वळसे आणि शेवट आत खोचलेला. थेट डमरू.

राहीने तो खाली घेऊन सोडला. दर वेढ्यागणिक एक पीळ, दोर जमिनीवर सापासारखा वळवळला. तिने बोटं फिरवली. खोळीत वाळू करकरत होती. मधोमध वीतभर गंजाचा लाल डाग आणि तिथेच आत हाडच नाही असा मऊपणा.

"हा मामाने टांगलेला नाही," ती म्हणाली.

साहिलचं म्हणणं पडलं की एखाद्या कोळ्याने नेला असेल. आरोहीने त्याला वेड्यात काढलं. कोळी दोर जमिनीवर गोल रचतात, तिच्या आजोळी होडीच होती. मग असा बांधतं कोण?

तेवढ्यात दारातला उजेड गेला. बाबाजीचा पुतण्या शुभम उभा होता, हातात पेट्रोलची बाटली. लग्नसराईत मांडवांना रोषणाई करायची आणि एरवी काकाच्या शिबिरात साहेब म्हणून फिरायचं, हा याचा उद्योग. म्हणाला, खराब दोर जाळायला सांगितलाय काकांनी, आणा इकडे.

राहीने दोर छातीशी धरला. त्याने दोर ओढला, ती दोरासकट फरफटली पण सोडेना. मग त्याने पोटात लाथ घातली. तिचा श्वासच गेला. साहिलने कोपऱ्यातला कुदळीचा दांडा उचलून शुभमच्या नडगीवर घातला. शुभमने त्याचा गळा धरून भिंतीवर दाबला, साहिलचे पाय हवेत लटकले, चेहरा जांभळा पडला. आरोहीने दोन्ही मुठींनी माती उचलली आणि शुभमच्या डोळ्यांत भरली. तो कळवळून मागे हटला, दाराची कडी नाकावर लागली आणि भळाभळा रक्त आलं. तिघं दोर घेऊन अंगणाकडे सुटली.

अंगणात हवालदारांनी शाईची डबी उघडली होती आणि मामाचा डावा अंगठा धरला होता. राही ओरडली तसे ते थांबले. पण मागोमाग शुभम आला, नाकाला रुमाल लावून. दोर धर्मानेच असा बांधला होता, आणि ही पोरं तो पळवत होती, त्याने शपथ घेऊन सांगितलं. बाबाजी हसला. पोरांच्या बोलण्यावर कायदा चालतो का, म्हणाला. मामाने गुंडाळून दाखवावं, तर त्याचा हात मोडलेला.

राहीची नजर शिबिराच्या ओटीवर गेली. शुभमच्या दिवाळीच्या दिव्यांच्या वायरी खुंट्यांना टांगलेल्या होत्या. एक, दोन, पाच. सगळी डमरू.

ती आरोहीच्या कानाशी लागली. आरोही ओटीवर गेली, तिने पाय अडकल्यासारखं केलं आणि सगळ्या वायरी घेऊन धाडकन अंगणात कोसळली. तिच्या धडपडीत बांधण्या सुटल्या, वायरींचा गुंता हवालदारांच्या बुटांत अडकला आणि ते पडता पडता वाचले.

"उचल ते आधी!" बाबाजी पुतण्यावर खेकसला.

शुभमने पोरींच्या नावाने खडे फोडत वायर उचलली. तोंड चालू, हातही चालू. अंगठ्याच्या बेचक्यातून कोपराखालून, पुन्हा बेचक्यात, पुन्हा कोपराखालून. आखूड आखूड वेढे. मग कमरेला तीन वळसे आणि शेवट आत खोचला. त्याच्या हाताला सवय होती, डोक्याला विचारायची गरजच नव्हती. वर बघतो तर सगळ्यांच्या नजरा त्याच्या हातांवर. समोर राहीने सुटलेला दोर त्याच्याच रीतीने कोपरावर गुंडाळून धरला होता. वेढ्याला वेढा, वळशाला वळसा जुळत होता, आणि दोरातला दर पीळ आपल्या जागी बसत होता.

"काका, याचा हात बघा," ती हवालदारांना म्हणाली. "आणि हा दोर बघा."

हवालदारांनी बघितलं. पण पुढे आला तो थोरला भाऊ, ज्याच्या दंडावर राहीचे दात उमटले होते. त्याने गंजाच्या डागावर बोट ठेवलं.

काल संध्याकाळी त्यांची जीप पुळणीच्या वाळूत रुतली होती. भरती चढत होती, तो स्वतः गुडघाभर पाण्यात मागून ढकलत होता. शुभमने दोन केशरी दोर ट्रॅक्टरच्या गंजक्या हुकाला बांधून जीप ओढून काढली होती. त्याने शुभमची पाठ थोपटली होती.

"तेच दोर?" त्याने विचारलं. "ज्यावर आज माझा भाऊ लटकवला?"

शुभम म्हणाला, "दोर तो दोर. ओढायलाच असतो ना?"

मधला भाऊ पुढे झाला. त्याने शुभमच्या तोंडावर ठोसा मारला, शुभम वायरींत आडवा झाला. मधल्याने दुसरा ठोसा उगारला. केसरआजी कोयत्यासकट मध्ये उभी राहिली.

"पुरे. सकाळपासून दिसेल त्याला मारताय. माझ्या लेकाला मारताना विचारलंत का, रे, की तू काय केलंस?"

त्या दोघांच्या माना खाली गेल्या त्या वर आल्या नाहीत. हवालदारांनी कागद फाडला. नव्या कागदावर शुभमचं नाव आलं, दोर न बघता माणूस सोडणाऱ्या बाबाजीचं आलं, आणि मामाचा हात मोडणाऱ्या दोघांचंही आलं. आजीने ते मोठ्याने वाचायला लावलं, नावं एकही गाळू दिली नाहीत.

मामाच्या हाताला दोन महिन्यांचं प्लास्टर बसलं. ठाण्याचा पोरगा वाचला, पायात सळई घालावी लागली. पंचनामा उरकल्यावर शिबिराच्या दोन्ही दोरांचे आजीने उंबऱ्याबाहेर कोयत्याने हात हात तुकडे केले, पुन्हा कुणा शहाण्याने वापरायला नकोत. मग मामाचा घरचा दोर काढला. तो महिन्यातून एकदा तपासायचाच असतो, आणि मामाला ते करता येत नव्हतं.

राहीने दोर मानेवर घेतला. एक वेढा उजवीकडे, एक डावीकडे. पोट अजून दुखत होतं, मान भरून आली, पण ती एक हातही न तपासता पुढे गेली नाही. साहिल मोजत होता, आरोही मध्येच गुंता झालेलं टोक सोडवत होती. मामा बाजेवरून बघत होता आणि काही बोलत नव्हता, म्हणजे सगळं बरोबर होतं.

शेजारीण विचारायला आली, की धर्माचा उजवा हात गेला, आता दोन महिने कसं गं बाई?

केसरआजीने राहीचा दोराच्या मळाने बरबटलेला हात मनगटाला धरून वर उचलला.

"कुठं गेलाय? ह्यो काय, हाय की."