समोरचा वारा

मनाचे खेळ मोजता येत नाहीत. हे मात्र मी मोजलेलं आहे. भर दिवसा, तलावाच्या बांधावर.

डॉक्टर म्हणाले होते, "या फुप्फुसांवर सायकल विसरा."

मी विसरले नाही. ऊन, थंडी, पाऊस, वारा... कसंही असो, बांधावरच्या त्याच सरळ रस्त्यावर सायकल चालवायची, वेळ आणि छातीचे ठोके मोजायचे. माझा दम वाढतोय, हे त्यांना आकड्यांनी दाखवायचं होतं.

"तुझी सायकल कमी, प्रयोगशाळाच जास्त," दादा चिडवायचा.

त्या रविवारी पाऊस नुकताच थांबला होता. रस्ता ओला. वारा थेट समोरून, थपडा मारणारा.

बांधाच्या मध्यावर तो एकदम बंद झाला.

तलावावर लाटा उसळत होत्या... काठचं गवत आडवं झालं होतं... माझ्या कपाळावरची बट मात्र हलत नव्हती.

वेग वाढला. ठोके उतरले.

असं एरवी एकाच कारणाने होतं. पुढे दुसरा सायकलवाला असला की वारा तो अंगावर घेतो, मागच्याला आयता आडोसा मिळतो. मग थोड्या वेळाने मागच्याने पुढे यायचं. सायकलवाल्यांची ही रीतच आहे.

पुढे कुणीच नव्हतं.

मग ऐकू आलं... टक टक टक... पायडल थांबवल्यावर चाक वाजतं तसं.

मी तर पायडल मारत होते.

आणि तोंडावर पाणी उडायला लागलं. गढूळ, वाळू मिसळलेलं. पुढच्या चाकाने उडवावं तसं...

भीतीच्या आधी राग आला. हा आकडा माझा नव्हता!

"मला कुणाची मदत नकोय!" मी ओरडले आणि सायकल बाजूला काढली. वारा थाडकन आदळला. छातीत शिट्टी वाजायला लागली, तरी उतरले नाही. त्या दिवशीची वेळ सगळ्यांत वाईट आली. पण ती माझी होती.

हे ऐकून दादा पोट धरून हसला. "बघू तरी तुझं ते फुकट राबणारं भूत!" म्हणत पुढच्या रविवारी सोबत आला.

वारा तसाच. मी धापा टाकत होते, दादा सरसर पुढे गेला.

"अगं वेडे, वारा कुठंय?"

त्याने वळून पाहिलं. रस्ता कोरडा ठणठणीत होता... आणि त्याच्या तोंडावर चिखलाचे शिंतोडे होते.

तो आयता आडोसा घेत होता. म्हणजे रीतीप्रमाणे आता पुढे यायची वेळ त्याची.

मी जिवाच्या आकांताने त्याला मागे टाकलं. "दादाच्या वाट्याचा वारा मी घेते!" समोरच्या मोकळ्या रस्त्याला मी सांगितलं.

दादा तोंड पुसत मागेच थांबला.

टक टक मात्र माझ्या मानेशी आली...

आता दादा सायकलला हात लावत नाही. परवा डॉक्टरांनी माझे आकडे पाहिले. "दम वाढलाय हो! ठोके मात्र कुणी पाठीस लागल्यासारखे."

मी घरी येऊन चाकांत हवा भरली.

उद्या वारा समोरून आहे. मी जाणार आहे.

वळून तेवढं बघत नाही.