गोळ्यांचं रिकामं पाकीट

सिस्टरांचे गुडघे कामातून गेले होते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आणि चढायचे होते तीन मजले, अर्धा कठडा तुटलेल्या लाकडी जिन्याने. वर शिवणकाम करणारी पोरगी राहायची, एकोणीस वर्षांची. तिला झाला होता तो हट्टी टीबी, नेहमीच्या औषधांना भीक न घालणारा. दीड वर्षाचा कोर्स, त्यातले सात महिने कसेबसे पार पडलेले. आई सकाळीच लाँड्रीत कामाला जायची, म्हणून दुपारच्या गोळ्या सिस्टरांनी समोर उभं राहून गिळवायच्या. मग म्हणायचं, "तोंड उघड. जीभ वर कर." जिभेखाली काही लपलेलं नाही हे बघूनच कार्डावर खूण करायची, असा नियम होता.

पण गेले सहा दिवस सिस्टर खालूनच हाक मारत होत्या. वरच्या खिडकीच्या पडद्याआडून एक हात यायचा, गोळ्यांचं रिकामं पाकीट हलवायचा, की यांनी केली खूण. पोरगी गुणाची आहे, फसवायची नाही, अशी त्या स्वतःची समजूत घालत.

खरं सांगायचं तर हे त्यांनी पूर्वीही एकदा केलं होतं. त्याच खोलीत तेव्हा घड्याळं दुरुस्त करणारे एक काका राहायचे. गिऱ्हाइकांची घड्याळं नीट चालतात का ते बघायला एकाच मनगटावर तीन-तीन बांधून हिंडायचे. "तीन घड्याळं, तरी गोळी वेळेवर नाही," म्हणून सिस्टर त्यांची चेष्टा करायच्या. गोळ्यांनी त्यांना फार मळमळायचं. महिनाभर ते वरून पाकीट हलवत राहिले आणि सिस्टर खुणा करत राहिल्या. काका टीबीनेच वारले, त्यानंतर खिडकीखालच्या पत्र्यावर सिस्टरांना थुंकलेल्या गोळ्यांचा सडा दिसला. त्यांनी तो गुपचूप झाडून टाकला. कुणाला म्हणून कळू दिलं नाही.

सातव्या दुपारी त्यांनी हाक मारली. "घेतल्यास का गं?"

हात आला. पाकीट हललं. आणि उन्हात मनगट चमकलं. एक, दोन… तीन घड्याळं.

तिथून पळून जावं असं वाटलं सिस्टरांना, पण वर ती पोर एकटी होती. कठडा धरून त्या चढू लागल्या. दुसऱ्या मजल्यापासून घड्याळाच्या बारीक तेलाचा वास यायला लागला. वर दार नुसतं लोटलेलं होतं. पोरगी खाटेवर पडलेली, अंग तापाने फणफणलेलं. उशाशी सहा दिवसांच्या गोळ्या जशाच्या तशा होत्या.

"अगं, घेतल्या का नाहीस?"

"उठवतच नव्हतं हो… ते काका म्हणाले, तू झोप. सिस्टर काही वर येत नाहीत. पाकीट मी हलवतो."

"कोण काका?"

"असं काय करता… तुम्हीच पाठवलंत ना त्यांना?"

सिस्टरांनी मागे वळून बघितलं नाही. भीती होतीच, पण तिच्याहून जास्त लाज वाटत होती. या पोरीला काही झालं तर ते आपल्यामुळे, हे त्यांना लख्ख कळलं. त्यांनी कार्डावरच्या सहाही खुणा खोडल्या. आजच डॉक्टरांना सगळं सांगायचं, त्या काकांचंसुद्धा. नोकरी गेली तर गेली.

मग पेला भरून त्या खाटेवर बसल्या. "एकेक घे. मी आहे इथे."

पोरीने आजच्या सगळ्या सावकाश गिळल्या.

"तोंड उघड. जीभ वर कर."

तोंड रिकामं होतं. सिस्टरांनी सुस्कारा सोडला.

तेवढ्यात खिडकीखालच्या पत्र्यावर आवाज झाला. टप्… टप्…

त्यांनी पोरीचं तोंड पुन्हा उघडायला लावलं. काही नव्हतं. पोरगी मात्र त्यांच्या खांद्यावरून मागे, पडद्याकडे बघत होती.

"सिस्टर…" ती हळूच म्हणाली, "काकांचंही बघा ना. कधीचे आ करून उभे आहेत."