किवाकोची वाटी

मार्चअखेर आमचं कला महाविद्यालय बंद होणार होतं. कपाटं रिकामी करायला आम्ही दोघंच उरलो होतो: मी, लाकडी भांड्यांवरच्या रोगणकामाचा मास्तर, आणि तोकिवा, आमची शेवटची विद्यार्थिनी. नोतोच्या किनाऱ्यावर ओला बर्फ पडत होता. तोकिवा मुळ्याचं लोणचं चघळत खोकी भरत होती आणि मी प्रत्येक भंगारापाशी रेंगाळतो म्हणून टोमणे मारत होती.

युद्धानंतर एका जळक्या शाळेच्या जागेवर हे महाविद्यालय उभं राहिलं. वस्तूवर नाव आलं की माणूस फुगतो, असं संस्थापकांचं मत. म्हणून इथे एका वाटीला एकाने एकच लेप द्यायचा. अस्तर एकाचं, मधला लेप दुसऱ्याचा, शेवटचा तिसऱ्याचा, आणि सही कुणाचीच नाही. जाणाऱ्या शिक्षकाने आपली एक वाटी अर्धी सोडून जायची, मागे राहिलेल्याने ती पुरी करायची. या नियमाची चेष्टा आम्ही सगळ्यांनी केली, मोडला मात्र कुणी नाही.

माझी बायको किवाको इथेच शिकवायची. दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली. तिच्या वाटीचं अस्तर माझं, मधला लेप तिचा. शेवटचा बाकी होता आणि मी ती कुणाला देत नव्हतो. वाटी पुरी झाली की तिचं इथलं काम संपलं, आणि मग ती खरोखरच गेली, असं मला वाटायचं.

"सर, बाईंची वाटी निरोपाच्या प्रदर्शनात हवी," तोकिवा म्हणाली. "द्या माझ्याकडे."

"मीच करतो."

"तुम्ही? अस्तर तुमचंच आहे ना? इतकी वर्षं आम्हाला दटावलंत, आणि आता?"

मी विषय बदलला.

त्या दुपारी मी काळं रोगण गाळून लेप दिला आणि वाटी दमट कपाटात ठेवली. हे रोगण उन्हात वाळत नाही, त्याला ओल लागते. सकाळी शेजारच्या थाळ्या कडक वाळल्या होत्या. वाटी ओलीच. मी कपाटातली ओली फडकी बदलली, वाटी पुसली, कोळशाने हलकी घासली आणि पुन्हा लेप दिला. पुन्हा ओलीच.

तिसऱ्या सकाळी वाटी खिडकीपाशी नेली. माझा ब्रश काठावरून डावीकडून उजवीकडे फिरतो. ओल्या लेपातल्या रेषा उलट्या होत्या, आणि काठ संपताना ब्रश किंचित उचललेला. किवाको डावरी होती. ती असाच ब्रश उचलायची आणि त्यावरून मी तिला आयुष्यभर चिडवलं होतं.

घाबरायला हवं होतं. मला आनंद झाला.

मी लेप पुसला, घासलं, माझा दिला. सकाळी पुन्हा तिच्या रेषा. असं आमचं चालू राहिलं. तोकिवाला मी पलीकडच्या इमारतीत धाडायचो आणि कपाटाशी बसून बोलायचो, घरातल्या गळक्या नळाबद्दल, शेजारणीच्या कुत्र्याबद्दल. वाटी कधी वाळू नये, एवढंच माझं मागणं होतं.

मग एका सकाळी पुसताना काठावर तपकिरी ठिपका दिसला. माझं अस्तर. रोज घासून घासून मी किवाकोचाच लेप झिजवत होतो.

वाटी मी तोकिवाकडे नेली.

"जपून," म्हटलं. "तिचं फार थोडं उरलंय."

तोकिवाने वाटी दोन्ही हातांनी घेतली. तिने लेप दिला.

सकाळी वाटी वाळली होती. रेषा नव्हत्या. मी कपाटाशी उगाच बसून राहिलो, हाक मारून पाहिली, आणि मग रडलो.

प्रदर्शन संपल्यावर मी किल्ल्या देत असताना तोकिवाने माझं मनगट धरलं.

"सर, पुरळ? पहिल्या वर्षाच्या पोरांसारखं?"

ओलं रोगण नवख्यांच्या कातडीला भाजतं, आमच्यासारख्यांना त्याचं काही होत नाही. शिवाय वाटी दिल्यापासून मी रोगणाला शिवलोही नव्हतो. मनगटावर बोटांनी धरल्यासारखे चार लांबट लाल पट्टे होते, आणि आतल्या बाजूला एक रुंद.

तोकिवाने मलम दिलं. मी ते खिशात टाकलं, लावलं नाही. किवाको गेली नव्हती, एवढं मला पुरे होतं.

बस टेकडी उतरताना मी बाही सारून पाहिलं. अंगठ्याची खूण आता बोटांच्या खुणांना भिडली होती, पकड आवळल्यासारखी.