ताण्याचं दुसरं टोक

"ओ सायेब, स्कूटर काढा तिथनं! मैदान हाय हे, पार्किंग न्हाय!"

सौरव असा दचकला की घाईत स्कूटर स्टँडवरनं काढली ती थेट स्वतःच्याच पायावर. समोर गळ्यात शिट्टी अडकवलेली रचना! ओरडता ओरडता ती खुदकन हसली... आणि तिथंच फसली बिचारी.

रचना शहापुरातल्या विणकरांच्या पोरींना खो-खो शिकवायची. मैदान इवलंसं. सकाळी तिथं साड्यांचं उभं सूत, म्हणजे ताणा, ताणून खळ लावायची आणि संध्याकाळी खेळायचं, अशी पणज्यांपासूनची वहिवाट. म्हणूनच नाव ताण्याचं मैदान. आता तिथं दुकानांचे गाळे काढायचं घाटत होतं. ते टळावं, मैदानाची वारसा म्हणून नोंद व्हावी, यासाठी कॉलेजात शिकवणारा सौरव जुनी माहिती गोळा करत होता.

मग काय, रोज संध्याकाळी स्वारी हजर!

"या दगडी खांबाचं वय किती असेल?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"आणि तुमचं?"

"ते बी नोंदीत घालायचंय व्हय, सर?"

तो वहीत काहीच लिहायचा नाही, तिच्याकडं बघत राहायचा. रचनाला ते आवडायला लागलं... लई आवडायला लागलं.

आणि मग चिन्मयी आली. टिळकवाडीची, त्याच्याच कॉलेजात शिकवणारी, नोंदीसाठी फोटो काढायला आलेली. गळ्यात कॅमेरा, आणि त्याला सरळ 'अरे सौरव'! पहिल्याच दिवशी तिनं त्याच्या खांद्यावरचा सुताचा धागा अलगद उचलला. रचनाच्या अंगाचा नुसता तिळपापड! पोरींना तिनं चार फेऱ्या जास्तीच्या मारायला लावल्या.

"आक्का, आमचं काय चुकलं?"

"तुमचं कशाला चुकतंय? पळा!"

वर चिन्मयी स्वभावानं गोड, हे आणखी दुखणं. तिनं पोरींसाठी खव्याचा गोड कुंदा आणला. रचनानं तोंडाला लावला नाही. म्हणजे... थोडा खाल्ला, पण रागानं.

"तुमी दोघं बरोबरच असता, न्हाय?" एकदा तिनं विचारून टाकलं.

"काम एकच आहे ना!" सौरव म्हणाला. त्याला काही कळलं असेल तर शपथ.

देवीच्या साडीचा ताणा वर्षातून एकदा त्या मैदानात ताणतात. त्याची दोन्ही टोकं एकाच घरच्या माणसांनी धरायची. लग्न ठरलेली जोडी असली तर मुद्दाम तिला धरायला लावायचं. गल्लीला गोड बातमी सांगायची ती रीतच. यंदा मान रचनाच्या घरचा. तिची मालुबाई आत्ती खळ आणायला आत गेली आणि रचना खांबाशी सूत सोडवत होती. वर बघते तर काय! पलीकडचं टोक सौरवच्या हातात, आणि अलीकडचं चिन्मयीनं उचललेलं...

"सौरव, असाच उभा राहा हं! लांबी छान कळते."

ओट्यावरनं कुणीतरी कुजबुजलं, "जोडी बरी दिसतीया गं."

झालं! रचना धावली आणि चिन्मयीच्या हातातनं टोक हिसकावून घेतलं. "सोडा! हे माझं हाय!"

बाहेर आलेल्या आत्तीनं खळीचं पातेलं खाली ठेवलं. "व्हय गं रचने, कवा ठरलं? सांगायचं तरी आम्हाला!"

आत्ता कुठं रचनाच्या ध्यानात आलं... एक टोक तिच्याकडं, दुसरं त्याच्याकडं! कानापर्यंत लाल झाली पोरगी. सोडावं तर देवीचं सूत मातीत.

"सर, आत्तीकडं द्या ते. तुम्हाला रीत ठाऊक न्हाय!"

"आहे की. पहिल्याच आठवड्यात लिहून घेतली."

"आणि तरी तिच्यासंगं धरलंत?" आग पुन्हा भडकली.

"मी उचललं ते तू येशील म्हणून... आली चिन्मयी. मग सोडता येईना."

चक्क 'तू' म्हणाला तिला! तरी ती ओरडलीच, "इथवर नीट ऐकू येईना!"

"रचना, मला तू आवडतेस!" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"मग नीट धर की रं... सूत ढिलं पडतंय."

बायका खळखळून हसल्या. "हलू नका, नोंदीला हाच फोटो," चिन्मयी म्हणाली. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि फोटो निघाला तरी बराच वेळ खाली घेतला नाही.

रचनाला ते दिसलं. महिनाभर तीही अशीच जळत होती. तिला नाही कळणार तर कुणाला? वाईट वाटलं तिला, खरंच वाटलं. टोक मात्र तिनं सोडलं नाही.